गुऱ्हाळासाठी तापमान-यंत्र: साच्याची ऑर्डर देण्याआधी काय तपासून घेऊ?

शिरगाव_फाटा · १२ सप्टेंबर, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी,

कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगावला एका फाउंड्रीत भट्ट्यांचं इन्स्ट्रुमेंटेशन, म्हणजे मोजमापाची यंत्रणा, बघतो. आजोळ पन्हाळ्याकडचं, त्यामुळं गुऱ्हाळ लहानपणापासून ओळखीचं. एक यंत्र डोक्यात आहे आणि त्यावर बऱ्यापैकी पैसा लावायची वेळ आलीय, म्हणून इथं विचारतोय.

काहिलीत, म्हणजे मोठ्या पसरट कढईत, उसाचा रस उकळून पाक होतो. तो नेमका कधी उतरवायचा हे गुळव्या, म्हणजे गूळ शिजवणारा कारागीर, ठरवतो, पाकाची गोळी पाण्यात टाकून, बोटानं दाबून. लवकर उतरवला तर गूळ मऊ राहतो आणि पावसाळ्यात पाझरतो. उशीर झाला तर रंग काळपट पडतो, करपल्याची चव येते. हे कसब असलेले गुळवे कमी होत चाललेत आणि नवी पोरं या कामाकडं येत नाहीत. माझं यंत्र म्हणजे काहिलीत बुडणारा स्टीलचा सेन्सर, भिंतीवर डबा, लांबून दिसतील असे मोठे आकडे आणि ठरलेल्या तापमानाला भोंगा.

डब्याच्या प्लास्टिक साच्याचं कोटेशन साडेतीन लाखांचं आलंय. सर्किट आणि पहिले २०० नग धरून खर्च आठ लाखांपर्यंत जातो. थोडा पीएफ, बाकी सोनं तारण. किंमत ९,५०० ठरवलीय.

ज्याला विचारलं त्यानं "एक नंबर, करून टाक" असंच सांगितलं. व्हॉट्सअ‍ॅपवर फॉर्म फिरवला, त्यातही बहुतेकांनी 'घेईन' वर टिक केलं. दसऱ्यानंतर गुऱ्हाळं पेटतात, दिवाळी पाडव्याला मार्केट यार्डात मुहूर्ताचे सौदे निघतात. त्याआधी माल हातात हवा असेल तर साच्याची ऑर्डर याच आठवड्यात द्यावी लागेल. देऊ का?

पॅटर्नवाला_उद्यमनगर · १२ सप्टेंबर, रात्री १०.१५

भावा, ऑर्डर थांबव. यंत्र वाईट आहे म्हणून नाही. ते कुणाला हवंय हे अजून कळलेलं नाही म्हणून.

तू फाउंड्रीतला आहेस, तुला हे नवीन नाही. पुण्याच्या पार्टीचं ड्रॉइंग आलं की आपण पहिल्या दिवशी मेटल पॅटर्न (ओतकामासाठीचा धातूचा नमुना) करतो का? आधी लाकडी पॅटर्न, त्यावर चार-दोन सँपल कास्टिंग. ती मोजून रिपोर्ट जातो, पार्टी त्यांचं मशीनिंग करून बघते, मग छोटा ट्रायल लॉट, मग परचेस ऑर्डर. मेटल पॅटर्नचा खर्च त्यानंतर. दुसऱ्याच्या मालाला ही शिस्त आपण डोळे झाकून पाळतो. स्वतःच्या मालाला तीच लाव.

पाम पायलट नावाचं खिशात मावणारं यंत्र १९९६ मध्ये अमेरिकेत आलं. ते करणारा जेफ हॉकिन्स, त्यानं सर्किटला हात लावण्याआधी त्याच आकाराचा लाकडी ठोकळा कापून घेतला आणि तो शर्टाच्या खिशात घालून फिरायचा. मीटिंगमध्ये कुणी तारीख विचारली की ठोकळा काढून लिहिल्यासारखं करायचा. खिशात बोचतो का, दिवसातून किती वेळा काढावा वाटतो, हे त्याला लाकडानं सांगितलं. तुझा लाकडी ठोकळा कुठला, ते आधी ठरव.

आणि तीन प्रश्नांची उत्तरं इथंच दे. 'घेईन' म्हणणाऱ्यांत स्वतःचं गुऱ्हाळ असलेले किती? त्यातल्या कुणी एक रुपया तरी पुढं केला का? आणि गेल्या हंगामात त्यांची किती आधणं (एका वेळी काहिलीत शिजवलेला रस म्हणजे एक आधण) बिघडली, हे तू विचारलंस का?

शिरगाव_फाटा · १२ सप्टेंबर, रात्री १०.५०

काका, फॉर्म भरणारे जास्त करून कंपनीतले आणि कॉलेजच्या ग्रुपमधले. गुऱ्हाळवाले मोजकेच, तेही ओळखीतून. पैशाचा विषय काढलेला नाही. बिघडलेल्या आधणांचंही विचारलेलं नाही, थेट यंत्र कसं चालेल तेच सांगितलं.

करवीर_ऊसवाला · १३ सप्टेंबर, सकाळी ६.२०

पावणं, आमचं गुऱ्हाळ वडलांच्या येळचं हाय. तुमचं वाचलं आणि बरं वाटलं, कुणीतरी या धंद्याचा इचार करतंय. म्हणून सरळ सांगतो.

पयली गोष्ट, तुमचा सेन्सर राहणार कुठं? रस तापाय लागला की मळी काढायला झारा फिरतो, भेंडीचं पाणी टाकतो, पुन्हा मळी. पुढं पाक घट्ट व्हायला लागला की फावड्यानं सारखं हलवाय लागतं. आणि उतरवायच्या वक्ताला आख्खी काहील चुलवाणावरनं, म्हणजे भट्टीवरनं, ओढून पाक थंड करायच्या वाफ्यात पालथी करतात, चार माणसं लागतात. त्या टायमाला तुमची वायर कुठं? कुणाच्या पायात आली तर उकळता पाक अंगावर. आमच्याकडं याची भीती लई.

दुसरी गोष्ट, पैसे कोण देणार? आम्ही दुसऱ्याचा ऊस बी गाळतो. गाळपाचं पैसे आमचं, गूळ शेतकऱ्याचा. आधण बिघडलं तर तोटा शेतकऱ्याला, बोल गुळव्याला, आणि पुढल्या वर्षी तो शेतकरी दुसऱ्या गुऱ्हाळावर गेला तर तो तोटा आम्हाला. तिघांपैकी ९,५०० काढायचं कुणी? शेतकरी म्हणणार गुऱ्हाळ तुमचं. गुळव्या म्हणणार मला गरज न्हाई.

तिसरी गोष्ट मनातली सांगतो. आमच्या गुळव्याकडनं आधण क्वचित बिघडतं. आमची झोप उडवतो तो जाळ. जाळायचं चिपाड (रस काढलेला ऊस) ओलं असलं की जाळ धरत न्हाई, आधणाला येळ जास्त लागतो, रंग जातो. आणि दुसरं माणसं. जाळ घालणारा जळव्या न्हाई आला तर घाणा बंद. गेल्या दोन-तीन वर्षांत आम्ही पैसा घातला तो चुलवाण नव्यानं बांधण्यात आणि स्टीलच्या काहिलीत. यंत्राला न्हाई म्हणत न्हाई, पण आमच्या पिशवीतनं पैसा कशाला निघतो ते कळावं म्हणून सांगितलं.

राजारामपुरीकर · १३ सप्टेंबर, दुपारी १.०५

वरचा प्रतिसाद जपून ठेवा दादा. आठ लाख घालून पुढच्या मार्चमध्ये जे कळलं असतं, ते एका सकाळी फुकट मिळालं.

मी सॉफ्टवेअरमधला आहे. आमच्याकडं नवीन उत्पादनाची तपासणी रोजची, पण नियम तुमच्या यंत्रालाही तेच. "तुम्ही हे घ्याल का?" या प्रश्नाला अर्थ नाही, कारण 'हो' म्हणायला काहीच पडत नाही. त्यात आपल्याकडं घरी आलेल्या माणसाला तोंडावर नाही म्हणत नाहीत. चहा पाजतील, "हंगामात या, बघू" म्हणतील, आणि आपण समाधानानं परत येतो. म्हणून भविष्याबद्दल विचारायचंच नाही. घडून गेलेलं विचारायचं. शेवटचं आधण कधी बिघडलं? त्या गुळाचं काय केलं? यार्डात दर किती पडून मिळाला? पुन्हा होऊ नये म्हणून काय केलं? समोरचा "काही नाही केलं" म्हणाला तर त्रास खरा असेल, पण पैसे काढण्याइतका नाही. आणि त्यानं कुठून तरी साधा थर्मामीटर आणून बघितला असेल, तर तो माणूस सोडू नका. गिऱ्हाईक म्हणून हाच शोधायचा.

ज्युसेरोचं उदाहरण माहीत असावं. अमेरिकेतली कंपनी, सुमारे १२ कोटी डॉलर गुंतवणूक उभी केलेली. कापलेल्या भाज्या-फळांच्या त्यांच्याच पिशवीतून रस काढणारं देखणं यंत्र, २०१६ मध्ये ६९९ डॉलरला बाजारात आणलं, नंतर ३९९ वर आणलं. एप्रिल २०१७ मध्ये ब्लूमबर्गच्या पत्रकारांनी तीच पिशवी हातानं पिळून दाखवली, जवळपास तेवढाच रस तेवढ्याच वेळात निघाला. सप्टेंबरमध्ये कंपनी बंद. यंत्राच्या अभियांत्रिकीत खोट नव्हती. यंत्राशिवाय माणसं काय करतील, हे आधी नीट तपासलेलं दिसत नाही. तुमच्या बाबतीत तो हात गुळव्याचा आहे. तो जिथं उत्तम चालतो तिथं तुमचं यंत्र विकणं अवघड.

उलट बाजूचं उदाहरण झॅपोसचं. १९९९ मध्ये निक स्विनमर्नला बघायचं होतं की लोक पायात न घालता इंटरनेटवरून बूट घेतात का. त्यानं गोदाम घेतलं नाही. जवळच्या दुकानातल्या बुटांचे फोटो काढून साइटवर टाकले, ऑर्डर आली की त्याच दुकानातून पूर्ण किमतीला बूट घेऊन पाठवायचा. प्रत्येक जोडीवर तोटा, पण प्रश्नाचं उत्तर अगदी स्वस्तात मिळालं. २००९ मध्ये ती कंपनी अ‍ॅमेझॉननं घेतली.

तुमचं यंत्र चालण्यासाठी काय काय खरं असावं लागेल ते कागदावर लिहून काढा. मग त्यातलं कुठलं खोटं ठरलं तर सगळंच कोसळतं, ते आधी तपासा. माझ्या मते ते सर्किट नाही, सर्किट तुम्हाला येतंच. पैसे नेमकं कोण देणार, हे खरं जोखमीचं.

झटपट_काम · १३ सप्टेंबर, दुपारी ३.३०

एवढा विचार करत बसलात तर हंगाम जाईल हातचा. कल्पना गावभर सांगत फिरलात की उद्या कुणीतरी चायनाचा माल आणून विकणार. धाडस करणाऱ्याचाच धंदा होतो. साचा टाका, माल काढा, विकायचं नंतर बघू.

शाहूपुरी_दावे · १३ सप्टेंबर, सायंकाळी ५.१५

कल्पना चोरीला जाण्याच्या भीतीबद्दल, कारण ती बऱ्याच जणांना असते. पेटंटचं काम करते म्हणून लिहिते.

खरोखर नवीन काही असेल तर ते जगजाहीर करण्याआधी पेटंटचा प्रोव्हिजनल (तात्पुरता) अर्ज करावा. एका व्यक्तीला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी १,६०० रुपये आहे. त्यानंतर पूर्ण तपशिलाचा अर्ज करायला १२ महिने मिळतात, आणि तेवढ्यात तुम्ही मोकळेपणानं गिऱ्हाईकांशी बोलू शकता. पण उकळत्या पाकात सेन्सर घालून भोंगा वाजवणं, एवढ्यावर पेटंट मिळेल असं मला वाटत नाही. तापमान बघून काम करणं जुनंच आहे. नावीन्य असलंच तर करवीरकरांनी सांगितलेली अडचण तुम्ही कशी सोडवता त्यात असेल. हलवणं, मळी काढणं आणि काहील ओतणं चालू असताना सेन्सर आडवा कसा येणार नाही, त्यात. आणि ती अडचण तुम्हाला चार लोकांशी बोलल्यामुळंच कळली.

झटपट यांना एवढंच सांगते की २०० नग घरात पडून असले तर त्यांची चोरीही कुणी करत नाही.

मसाल्याची_ताई_जयसिंगपूर · १३ सप्टेंबर, रात्री ८.४५

माझा धंदा वेगळा आहे, कांदा लसूण मसाला. पण पैसे अडकण्याची भीती सारखीच म्हणून लिहिते.

छापील पाऊच करायचे तर रोल छापून घ्यावा लागतो. छपाईच्या सिलिंडरचा खर्च वेगळा आणि कमीत कमी माल एवढा, की वर्षभर तोच वापरावा लागतो. मी सुरुवातीला साधे पाऊच घेतले आणि वर स्टिकर लावले. बचत गटाच्या प्रदर्शनात दोन वजनांची पाकिटं ठेवली, वेगवेगळ्या दिवशी वेगळ्या दरानं. लोक तोंडानं सांगत होते की मोठं पाकीट परवडतं. नेत होते छोटं. स्टिकर होते म्हणून वजन बदलता आलं. घरच्यांनी आणि नातेवाइकांनी नेलेली पाकिटं मी हिशोबातच धरली नाहीत. ती प्रेमापोटी घेतलेली. माझी मोजणी दुसऱ्यांदा आलेल्या अनोळखी माणसापासून सुरू झाली.

दादा, तुमच्या डब्याला साचा कशाला हवा? इलेक्ट्रिकच्या दुकानात तयार डबे मिळतात, त्याला भोक पाडून काम भागवा. गिऱ्हाईक डबा बघून घेणार आहे की आत काय आहे ते बघून, हेही त्यातच कळेल.

शिरगाव_फाटा · १४ सप्टेंबर, रात्री ९.१०

सगळ्यांचे मनापासून आभार. साच्याची ऑर्डर दिलेली नाही. कोटेशन देणाऱ्याला फोन करून तसं सांगितलं.

आता असं ठरवतोय. तयार तापमान-दर्शक, के-टाइप थर्मोकपल (तापमान ओळखणारी तारांची जोडी), स्टीलचं कवच आणि ताई म्हणतात तसा बाजारातला डबा. हे सगळं उद्यमनगरात तीन-चार हजारांत जमतं. वायरच्या जागी लांब दांड्याचं, हातात धरून बुडवायचं करतोय. शेवटच्या टप्प्यात घालायचं आणि काढून बाजूला ठेवायचं, म्हणजे काहील ओढताना आडवं येणार नाही. दसऱ्यापर्यंत यातली दोन-तीन तयार होतील. ती विकायची नाहीत, गुऱ्हाळावर देऊन बघायची.

राजारामपुरीकर, एक विचारतो. निकाल कशावर ठरवायचा? चार जणांनी हो आणि तीन जणांनी नाही म्हटलं तर काय समजायचं?

राजारामपुरीकर · १४ सप्टेंबर, रात्री ११.००

आकडा आधी लिहून ठेवा आणि इथंच लिहा, म्हणजे नंतर हलवता येणार नाही. आपलं मन फार हुशार असतं, निकाल बघून पट्टी बदलतं.

उदाहरणार्थ, "पाडव्यानंतर महिनाभरात ओळखीबाहेरच्या किमान पाच जणांनी पूर्ण किमतीचा चौथा हिस्सा आगाऊ दिला, तरच साचा." आकडा तुमचा तुम्ही ठरवा, पण त्यात तोंडी होकार नको. पैसा, वेळ किंवा स्वतःची पत, यातलं काहीतरी समोरच्यानं पुढं केलेलं असावं. "माझ्या गुऱ्हाळावर दोन दिवस लावून बघा, माझा आख्खा ऊस त्यावर काढतो" हेही पैशाइतकंच मोलाचं, कारण आधण बिघडलं तर त्याचं जाणार आहे. "माझ्या मेव्हण्याच्या गुऱ्हाळावर चला, मी सोबत येतो" यात त्यानं पत लावली. "छान आहे, कळवा" हे शून्य.

पॅटर्नवाला_उद्यमनगर · १५ सप्टेंबर, सकाळी ७.३०

आगाऊ पैसे घेताना एक पाळ. यंत्र अजून तयार नाही, हे स्पष्ट सांगायचं. पावती लिहून द्यायची, त्यावर तारीख घालायची: अमुक तारखेपर्यंत यंत्र दिलं नाही तर पैसे परत. आणि ते पैसे खर्चायचे नाहीत, वेगळ्या खात्यात ठेवायचे. इथली बाजारपेठ शब्दावर चालते. एका गुऱ्हाळवाल्याचे दोन हजार अडकले तर पुढच्या दहा गावांत तुला कुणी दारात उभं करणार नाही. नसलेला माल असल्यासारखा दाखवून ऑर्डर घ्यायची पद्धत काही लोक तपासणी म्हणून सांगतात, ती मला पटत नाही.

विद्यापीठ_रोड · १५ सप्टेंबर, दुपारी १२.२०

तपासणीत एक तांत्रिक घोटाळा होऊ शकतो, तो आधीच टाळा. पुस्तकी आकडे आहेत ते असे: काकवीला साधारण १०४ ते १०६ अंश सेल्सिअस, ढेपेच्या गुळाला ११६ ते ११८, पावडरीला १२० ते १२२. हे आकडे जसेच्या तसे भोंग्याला लावू नका. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. इथं साधं पाणीच ९८ च्या आसपास उकळतं, पाकही त्याच प्रमाणात खाली उकळतो. पन्हाळ्याच्या वर आणि खाली नदीकाठच्या गावात आणखी फरक.

त्यावर उपाय सोपा. प्रत्येक ठिकाणी आधी उकळत्या पाण्यात सेन्सर घालून आकडा टिपा. त्या आकड्याच्या वर किती अंश गेलं, ते मोजा. पाण्याच्या उकळबिंदूपेक्षा साधारण १६ ते १८ अंश वर गेलं की ढेपेचा पाक.

दुसरं म्हणजे नुसत्या तापमानावर गूळ ठरत नाही. क्षारपड जमिनीतला ऊस, पुरात बुडालेला ऊस, तोडून दोन दिवस पडलेला ऊस, या सगळ्यांचा पाक त्याच तापमानाला वेगळा वागतो. अशा उसाचा गूळ नीट बसला नाही तर दोष तुमच्या यंत्रावर येईल. चाचणीच्या वहीत उसाची जात, तोडणीची वेळ आणि जमीन लिहून ठेवा. इथल्या प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्रात जाऊन बोला, गुळावर कित्येक वर्षांचं काम त्यांच्याकडं आहे.

करवीर_ऊसवाला · १५ सप्टेंबर, रात्री ८.००

सर बरोबर बोललं. आणि पावणं, गुळव्याला बाजूला सारून चाचणी करू नका. त्याच्या हातात द्या. "तुझी गोळी आणि माझा आकडा, दोन्ही लिहू" म्हणा. तो तुमच्या बाजूला आला तर दहा गुऱ्हाळांवर तोच सांगणार. त्याची रोजी जाणार असं त्याला वाटलं तर आकडा कितीबी बरोबर असू दे, तो चुकीचाच ठरणार.

शिरगाव_फाटा · २४ नोव्हेंबर, रात्री १०.३०

बऱ्याच दिवसांनी लिहितोय, हंगाम सुरू झाल्यावर रविवार आणि रात्रपाळीनंतरच्या सकाळी सगळ्या गुऱ्हाळांवर गेल्या. जे दिसलं ते सांगतो.

ढेपेचा गूळ करणारी, जुना गुळव्या असलेली गुऱ्हाळं: दांडा आवडीनं हातात घेतला, गोळी आणि आकडा जुळला की कौतुक केलं. एका गुळव्यानं तर आकडा न बघता "आता एकशे सोळा झालं असंल" असं सांगितलं आणि तेवढंच निघालं. त्या माणसाच्या बोटांपुढं मी हात जोडले. पण पैशाचं विचारलं की विषय जाळावर आणि माणसांवर जायचा. करवीरकरांनी सांगितलं होतं तेच सगळीकडं. शेवटचे काही अंश इतक्या भराभर चढतात की दांडा घालून आकडा स्थिर होईपर्यंत वेळ निघून जातो, हेही तिथंच कळलं. कवच पातळ केल्यावर ते सुधारलं, पण पाक त्यावर चिकटून कडक होतो आणि पुढच्या आधणाला आकडा उशिरा येतो. प्रत्येक वेळी गरम पाण्यात धुवावं लागतं.

वेगळं चित्र दिसलं ते पावडर, काकवी आणि लहान वड्या करणाऱ्यांकडं. यातले बरेच जण नवीन, काही शिकलेली पोरं, काही महिला गट. पाकीटबंद माल पुण्या-मुंबईला पाठवतात. त्यांच्याकडं पिढीजात गुळव्या नाही. पावडरीला अंश-दोन अंश कमी पडला तर ती पाकिटात गोळा होते आणि दुकानदार माल परत पाठवतो. परत आलेल्या मालाचा हिशोब त्यांच्या वहीत तारखेसह होता, मला दाखवलाही. एकीनं तर स्वयंपाकघरातला काचेचा थर्मामीटर आणला होता, तो फुटल्यावर ते आधण टाकून दिलं, आणि पुढं ऑनलाइन मांसाला लावायचा डिजिटल काटा मागवला. राजारामपुरीकर, तुम्ही 'हा माणूस सोडू नका' म्हणाला होता, तो असा भेटला.

आगाऊ पैसे दिले ते यांनीच. मी तेव्हा पाच हा आकडा मनाशी धरला होता. आजपर्यंत तिघांचे आले, प्रत्येकी २,५००. पावती दिली, १५ जानेवारीची तारीख घातली, पैसे वेगळ्या खात्यात आहेत. ढेपेवाल्यांकडून एकही नाही. पाच झालेले नाहीत, म्हणून साचा नाही. तयार डब्यातच ही तीन यंत्रं देतोय.

त्यांनी मागितलेलं मी कागदावर काढलेल्यापेक्षा वेगळं आहे. भोंगा कुणालाच फारसा नको. त्यांना हवी प्रत्येक आधणाची नोंद: किती वाजता, किती अंशाला उतरवलं. म्हणजे माल परत आला तर कुठल्या आधणाचा ते शोधता येतं. त्यांच्या काहिली लहान आणि जागेवर बसवलेल्या, त्यामुळं सेन्सर कायमचा बसवायलाही चालतो.

मसाल्याची_ताई_जयसिंगपूर · २५ नोव्हेंबर, सकाळी ९.३०

वाचून फार आनंद झाला. बॅच नंबर मलाही पाकिटावर छापावा लागतो, त्यामुळं त्यांची गरज लगेच कळली. किंमत ९,५०० च ठेवलीत का? नोंद ठेवणारं यंत्र वेगळ्या कामाचं आहे. एक आधण परत आलं तर त्यांचं किती जातं, त्यावरून बघा. तुम्हाला काय खर्च आला त्यावरून नको.

शिरगाव_फाटा · २५ नोव्हेंबर, रात्री ९.००

ताई, पुढच्या दोघांना ११,००० सांगून बघणार आहे. नाही म्हणाले तर कारण विचारीन, भाव लगेच खाली आणणार नाही.

पॅटर्नवाला_उद्यमनगर · २५ नोव्हेंबर, रात्री ९.४५

बरोबर. या तिघांकडं यंत्र गेलं की महिनाभरानं सांगितल्याशिवाय जा आणि बघ ते चालू आहे का, की कोपऱ्यात पडलंय. पैसे दिलेला माणूससुद्धा वापरायचं सोडतो. सेन्सरवर पाक चिकटायचं म्हणालास, त्यासाठी टेफ्लॉन कोटिंग करून देणारे आपल्याकडं आहेत. एक कवच घेऊन शनिवारी शॉपवर ये, बघू टिकतंय का.

करवीर_ऊसवाला · २६ नोव्हेंबर, सकाळी ६.१०

आमच्या धाकट्यानं यंदा शेडच्या मागं छोटी काहील बसवलीय, काकवी आणि पावडरीची. मी त्याला तुमचं सांगितलं न्हाई, मुद्दाम. तुम्ही अनोळखी म्हणून या आणि तुमच्या पद्धतीनं इचारा. पैसं काढतोय का ते मलाबी बघायचंय. सकाळी सहाला आधण चढतंय, सातच्या आत या.